कोरा रकाना

टेबलावर धूळ होती. एवढंच. भैरवीनं पर्स ठेवली, पुन्हा उचलली, तेव्हा काचेवर पर्सच्या बुडाचा लांबट चौकोन उमटलेला दिसला आणि ती त्या चौकोनाकडे बघत उभी राहिली. नऊ वर्षं झाली तिला या कचेरीत, कंत्राटावर, दर अकरा महिन्यांनी नव्या कागदावर सही करत; त्या नऊ वर्षांत तिनं या काचेवर धूळ पाहिली नव्हती. खरं सांगायचं तर काच रोज कोणीतरी पुसतं हेही तिनं कधी पाहिलं नव्हतं. कचऱ्याच्या डब्यात काल दुपारी खाल्लेल्या सीताफळाच्या बिया तशाच पडल्या होत्या आणि त्यांच्यावर चिलटं फिरत होती. पाण्याचा जग घेऊन रामलाल शिपाई आत आला तेव्हा तिनं विचारलं, "जमनी नाही आली का आज?" रामलालनं जग ठेवला, झाकण नीट बसवलं. "नाही ना मॅडम. तिच्या मालकाले, देवसिंगले, मोठ्या दवाखान्यात आनलं. चार दिस फवारणी करून राह्यला होता, काल वावरातच पडला म्हन्ते. डोयाले दिसूनच नाही राह्यलं त्याच्या." चहावाल्याकडचं दूध संपलं हे सांगावं त्याच सुरात त्यानं ते सांगितलं, आणि ते बरोबरच होतं, त्या ऑक्टोबरात यवतमाळात रोज कोणीतरी कोणालातरी असंच सांगत होतं. भैरवी म्हणाली, "अरे अरे." मग ती थांबली. असं म्हटल्यावर छातीत काहीतरी हलायला हवं, निदान घशाशी काही यायला हवं, म्हणून ती जरा वेळ थांबली. काही आलं नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात आणि मग आपलाच गाल आपण बोटांनी चाचपून बघतो, तसं तिचं सव्वा वर्ष चाललं होतं. आई गेल्यापासून.

तिनं रुमालानं काच पुसली आणि संगणक चालू केला. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली होती. पाठीला पंप बांधून माणूस ओळीत शिरला की दिसेनासा व्हायचा आणि कीटकनाशकाचा फवारा खाली पडायचा तो त्याच्याच तोंडावर. माणसं आजारी पडायला लागली, तेव्हा गावोगावच्या फवारणी करणाऱ्यांची एक मोठी यादी झाली, मालकांची आणि रोजानं जाणाऱ्यांचीही, अठरा हजारांवर नावं. आणि रक्त, डोळे, नाडी तपासणाऱ्या नऊ गाड्या बाहेरून मागवल्या गेल्या. गाडीनं कोणाला तपासलं ते रोज संध्याकाळी दुसऱ्या यादीत चढायचं. भैरवीचं काम इतकंच, की या दोन याद्या एकमेकींशेजारी लावायच्या आणि कोण राहिलं ते काढून द्यायचं. राहिलेल्यांच्या गावाला गाडी जायची. काम सोपं होतं. डोक्याला त्रास नाही, मनाला तर नाहीच, आणि तिला तसंच काम हवं होतं. आता तिनं राहिलेल्यांच्या यादीत जमनीचा नवरा, देवसिंग, शोधला. नव्हता. बरोबरच, यादी कोरीच होती. तीन आठवडे झाले, पानाच्या खाली फक्त 'राहिलेले : ०' असं येत होतं आणि गाड्या तपासून झालेल्या गावांतच पुन्हा फेऱ्या मारत होत्या. तिनं तपासलेल्यांच्या यादीत शोधलं. देवसिंग अकरा निघाले, पण जमनीच्या तांड्यावरचा एकही नाही. तांड्यावरचं कोणाचंच नाव नाही. म्हणजे तो तपासलेल्यांत नव्हता आणि न तपासलेल्यांतही नव्हता. अहो, माणूस या दोन्हींपैकी एकात तर असणारच, तिसरं घर या खेळात नाही. मग तिनं मूळ यादी उघडली. तिथं तो होता. देवसिंग, वय एक्केचाळीस, पुरुष, रोजानं फवारणी, दारव्हा रोडवरचा तांडा. त्याच्या वर हिरासिंग, त्याच्या खाली धरमसिंग. तिघेही कोणाची वाट बघत भिंतीला टेकून बसल्यासारखे ओळीनं होते.

आपण काय केलं आहे हे तिला त्याच क्षणी कळलं. कळायला वेळ लागला असता तर बरं झालं असतं, चौकशी करता आली असती, दुसऱ्या कोणाची चूक निघते का ते पाहता आलं असतं. पण नऊ वर्षांचं काम हातात मुरलेलं असतं. संगणकाला तिनंच लिहून दिलेल्या सूचनांतली ती ओळ तिला न उघडताच डोळ्यांपुढे दिसली. तरी तिनं ती उघडली. आधी सगळं नीट होतं. मूळ यादीतली सगळी नावं घ्यायची, एकही सोडायचं नाही, आणि प्रत्येकासमोर त्याची तपासणी ठेवायची. तपासणी नसेल तर समोरचा रकाना कोरा ठेवायचा. याला लेफ्ट जॉइन म्हणतात, आणि त्यातली सगळी गंमत त्या कोऱ्या रकान्यातच असते. कोरे मोजले की राहिलेले मिळाले. सप्टेंबरच्या मध्याला असे पाच हजार आठशे होते. तेव्हा साहेबांनी बोलावून सांगितलं, "मॅडम, यात गेल्या वर्षीच्या शिबिराच्या तपासण्या धरल्या जाताहेत. त्या नकोत. एक ऑगस्टपासूनच्याच धरा." बरोबर होतं त्यांचं. भैरवीनं जागेवर येऊन एक ओळ वाढवली, तपासणीची तारीख एक ऑगस्ट किंवा त्यानंतरची. पण ती ओळ तिनं शेवटी लिहिली, दोन्ही याद्या जोडून झाल्यावर, व्हेअर या शब्दापाशी. ती लिहायला हवी होती आधी, जोडतानाच, ऑनच्या पुढे. आधी लिहिली असती तर अर्थ झाला असता, यंदाची तपासणी असेल तर समोर ठेवा, नसेल तर कोरं ठेवा, पण नाव राहू द्या. शेवटी लिहिल्यावर अर्थ झाला, ज्याच्यासमोर यंदाची तारीख आहे तोच राहू द्या. आणि कोऱ्या रकान्यात तारीख नसतेच. कोरं हे एक ऑगस्टच्या आधीचंही नसतं, नंतरचंही नसतं. यंत्रानं प्रत्येक नावाला विचारलं, तुझी तारीख कोणती, आणि ज्याला उत्तर देता आलं नाही त्याला बाहेर काढलं. मग उरलेल्यांत कोरे किती, असं तिनं विचारलं. एकही नाही, असं ते म्हणालं. खोटं नाही बोललं ते.

पाच हजार आठशेवरून आकडा वाढायला हवा होता. गेल्या वर्षीचे वजा केल्यावर राहिलेले वाढणारच, हे शाळकरी पोरालाही कळेल. तो शून्यावर आला, आणि कोणाला नवल वाटलं नाही. साहेब म्हणाले, "वा!" त्या संध्याकाळी सगळ्यांना समोसे आले, हिरव्या मिरच्या तळलेल्या, वर मीठ भुरभुरलेलं. शून्य कोणाला नको असतं? बघणाऱ्याला त्यात आपल्याला हवं ते दिसतं. भैरवीनं दोन समोसे खाल्ले होते. आपल्याला तेव्हा एकदाही वाटलं नाही का, तिनं आता स्वतःला विचारलं, आणि प्रामाणिक उत्तर असं होतं की नाही वाटलं. तिला सव्वा वर्षात काहीच वाटलं नव्हतं, मग नेमकं हेच कसं वाटणार? पूर्वी ती प्रत्येक आकडा उलटसुलट करून बघायची, पाच-सहा नावं हातानं तपासून बघायची. आई म्हणायची, तांदूळ निवडतेस की काय संगणकात. आता आकडा यायचा आणि ती तो पुढे द्यायची.

आणि जमनीनं विचारलं होतं. हे आठवलं तेव्हा तिचे हात कळफलकावरून खाली आले आणि मांडीवर जाऊन पडले. एकदा नाही, दोनदा विचारलं होतं. पहिल्यांदा, फडका टेबलाच्या पायाशी फिरवता फिरवता, "मॅडम, ते रगत तपासाची गाडी आमच्या तांड्यावर कई येते? मालक रोज फवारणीले जाते, रातच्यान डोकं धरून बसते." भैरवीनं पडद्याकडे पाहिलं होतं. जमनीकडे नाही, पडद्याकडे. "तुमच्या तांड्याचं काही राहिलेलं दाखवत नाही." "म्हंजे?" "म्हणजे झालं." "झालं?" जमनीनं फडका पिळून पुन्हा जमिनीवर फिरवला होता. मग आठवड्यानं पुन्हा, दाराशी उभी राहून, जराशी हसत, लहान मुलाची तक्रार सांगावी तशी, "मी सांगतलं त्याले, झालं म्हन्ते मॅडम. तं तो म्हन्ते, मी तं कुठंच गेलो नाही, माहं कसं काय झालं?" आणि भैरवी म्हणाली होती, "दुसऱ्या गावात नाव लागलं असेल त्याचं. इथे शून्य आहे." जमनी म्हणाली, "असंन मंग." ती दोन्ही वेळा मुकाट्यानं गेली होती, कारण मॅडमच्या समोर एवढा मोठा पडदा होता आणि तिच्या हातात फडका. तिसऱ्यांदा ती विचारायला आली नाही. आज आलीच नाही.

आई पान मांडायची. कुठून कुठे मन गेलं म्हणून भैरवीला स्वतःचाच थोडा राग आला, पण ते गेलं होतं खरं. बाबांचा धाकटा भाऊ, अनंतकाका, ती अकरा वर्षांची असताना नागपूरला नोकरी बघायला म्हणून गेला. दोन पत्रं आली, पुढे काही आलं नाही. जिवंत असेल, नसेल. पण दिवाळीच्या पाडव्याला आणि अक्षय्यतृतीयेला आई त्याचं पान मांडायची. पाट, पुढे केळीचं पान, डाव्या हाताला मीठ-लिंबू, पाण्याचा गडू, वर थोडीशी रांगोळी. सगळ्यांची जेवणं होईपर्यंत ते पान तसंच राहायचं, मग आई त्यातलं अन्न गाईला घालायची. लहानपणी भैरवीनं विचारलं होतं, "काका येणार नाही हे माहीत आहे ना, मग कशाला गं मांडतेस?" आई वरण वाढत होती. ती वाढता वाढताच म्हणाली, "अगं, येणाऱ्यांचीच पानं मांडली तर कोण आलं नाही ते दिसणार कसं?" त्यात आईनं फार काही सांगितलं असं नाही; तिला वाढायची घाई होती. आई गेली त्या वर्षीची दिवाळी, घरात गोडधोड नव्हतंच. भैरवीनं स्वयंपाक केला, वरणभात, वांग्याची भाजी, आणि जेवणारे किती ते मनात मोजलं. दोन. तिनं दोन पानं मांडली. बाबा हातपाय धुऊन आले, काकाचं पान जिथे असायचं त्या जागेपाशी क्षणभर उभे राहिले, आईच्या जागेकडे त्यांनी पाहिलं, मग आपल्या पाटावर बसले. म्हणाले, "बरं केलंस. आवरायला सोपं." आणि जेवले. शेवटी घातलेली तीच अट, तिला वाटलं, जो हजर तोच मोजायचा. घरातही तिनं आधी तीच चालवून पाहिली होती. बाबा त्यानंतर कमी बोलायला लागले, की तेव्हापासून तिनंच ऐकणं सोडलं, हे तिला सांगता आलं नसतं.

घड्याळात एक वाजला होता. चार वाजता साहेबांची बैठक होती, आणि त्या बैठकीचा कागद कालच तिच्या हातून गेला होता. काम पूर्ण झाल्यामुळे नऊही गाड्या आज परत पाठवाव्यात. तिनं ती ओळ शेवटून काढली आणि वर नेऊन ठेवली. नेहमीचं काम, दोन बोटांचं. तेवढ्यानं नावं वर यायला लागली. सहा हजार नऊशे बारा. महागावकडची, मुकुटबनकडची, तिनं फक्त बसच्या पाटीवर वाचलेल्या गावांची. प्रत्येकासमोर कोरा रकाना. ती खाली सरकवत राहिली आणि नावं संपेनात. तेव्हा तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की हे कोणाला कळायची गरज नाही. गावांकडून नवी नावं उशिरा आली असं म्हणता येईल. गावं नेहमीच उशीर करतात, आणि गावांना विचारायला कोण जातं? गाड्या थांबतील, यादी जाईल, तपासण्या होतील, सगळं नीट होईल आणि तिची ओळ तिच्याजवळच राहील. या महिन्याअखेर तिचा अकरा महिन्यांचा कागद संपत होता. बाबांची औषधं, घराचं सगळं तिच्यावर. विचार चांगला गुळगुळीत होता, हातात धरून बसावा असा. ती पाऊण तास तो धरून बसली. मधे रामलाल चहा ठेवून गेला, चहावर साय आली. तिला भीती वाटत नव्हती, लाजही वाटत नव्हती. फक्त एक गोष्ट नडत होती. गावांकडून उशिरा आली असं म्हटलं, की देवसिंग काल-परवा यादीत आला असं होणार होतं. तो तर पहिल्या दिवसापासून होता, हिरासिंगच्या खाली, धरमसिंगच्या वर. त्याला आणखी एकदा पुसायचं होतं, आणि या खेपेला अट चुकून नाही, जाणूनबुजून घालायची होती. तेवढं तिच्यानं होईना.

साहेब डबा खाऊन हात पुसत होते. कागदांचा गठ्ठा पाहून म्हणाले, "हे काय?" "राहिलेल्यांची यादी, साहेब. सहा हजार नऊशे बारा." त्यांनी वरचं पान उचललं, खाली ठेवलं. "शून्य होतं ना?" "शून्य कधीच नव्हतं. एकोणीस सप्टेंबरला मी अट चुकीच्या जागी घातली. ज्यांची तपासणी झाली नाही तेच यादीतून गळले. चूक माझी आहे, लिहून आणलं आहे." तिनं तो कागदही पुढे ठेवला. खोलीत पंखा फिरत होता. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांच्या कपाळावरून तिला दिसत होतं की ते समोसे त्यांनाही आठवत आहेत. "तीन आठवडे मी वर शून्य कळवतो आहे, मॅडम." "हो." "तुमचं कंत्राट..." "माहीत आहे." त्यांनी फोन उचलला आणि गाड्या थांबवायला सांगितलं, दारव्ह्याच्या बाजूची गाडी लगेच तांड्यांकडे वळवा, असंही. मग फोन ठेवून, दमल्यासारखे, "बैठकीत द्यायचं आहे हे. तो शेवटचा रकाना काढून टाका. एवढं कोरं कोरं बरं दिसत नाही. नुसती नावं ठेवा." भैरवी म्हणाली, "नाही साहेब, तो राहू द्या. तिथे तारीख लिहायची आहे." आपला आवाज इतका सपाट आहे याचं तिला नवल वाटलं.

बैठकीला तिला बोलावलं नाही. तांड्याचं पान तिनं घडी करून पर्समध्ये ठेवलं होतं. का ते तिला माहीत नव्हतं. ती दवाखान्यात गेली तेव्हा ऊन उतरलं होतं. वॉर्डात खाटा पुरल्या नव्हत्या, दोन रांगांच्या मधे जमिनीवरही गाद्या होत्या. जमनी एका खाटेच्या पायथ्याशी उकिडवी बसली होती, आणि भैरवीला आधी ती ओळखूच आली नाही. तिला तिचा फडका ठाऊक होता, आवाज ठाऊक होता, चेहरा नीट पाहिला होता कधी? देवसिंग उताणा पडला होता. तो धडपडून उठू नये म्हणून त्याचे दोन्ही हात पट्टीनं खाटेच्या दांड्यांना बांधले होते. डोळे उघडे होते, पण ते कोणावर टेकत नव्हते. "या मॅडम," जमनी म्हणाली, आणि सवयीनं तिच्यासाठी पदरानं जमीन झाडली. भैरवी तिथे बसली. "डॉक्टर काय म्हणाले?" "पाहू म्हन्ते. आजची रात निंगाली तं चांगलं म्हन्ते." तिच्या मांडीशी फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या. तिनं गाठ सोडली, एक भाकर मोडून अर्धी भैरवीपुढे केली, आणि दुसरी अख्खी पुन्हा गुंडाळून उशाशी ठेवली. "हे त्याची. उठला का मांगंन." भैरवीनं त्या गाठोड्याकडे पाहिलं आणि तिच्या हातातला तुकडा तसाच राहिला.

मग तिनं पर्समधलं पान काढलं. काही सांगायला हवं होतं आणि दुसरं काही सुचेना. "जमनी, देवसिंगचं नाव आहे यादीत. हे बघ, इथे. गाडी निघाली आहे तुमच्या तांड्यावर." जमनीला वाचता येत नव्हतं. तिनं बोट नावावर ठेवलं, ते हळूच पुढे सरकवलं, आणि शेवटच्या चौकोनावर थांबवलं. "आन् हे कोरं काहून आहे?" "तिथे तपासल्याची तारीख लिहितात. कोणी तपासायलाच आलं नाही, म्हणून कोरं." जमनीनं बोट त्या चौकोनावर दाबलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता, असता तर सोसला असता. ती म्हणाली, "मंग मी काय सांगत होती, मॅडम? दोन डाव सांगतलं ना तुमाले. तुमी म्हने झालं." भैरवीला हो म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि हो ऐवजी दुसराच आवाज बाहेर आला, सव्वा वर्षापासून घशाच्या खाली कुठंतरी बसलेला. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं मान वळवून पाहिलं. दुखत होतं. कुठे ते सांगता येत नव्हतं, सगळीकडेच दुखत होतं, आणि आईसाठी रडतो आहोत की या माणसासाठी हे तिला कळेना. जमनीनं तिला थोडा वेळ रडू दिलं. मग तिच्या पर्सच्या कप्प्यात खोचलेला पेन तिनंच काढून पुढे केला. "मंग भरा ना आता. आज तपासलं त्याले डाक्टरनं."

भैरवीनं पान गुडघ्यावर धरलं. पहिला आकडा वाकडा आला. तिनं तो खोडला नाही. आजची तारीख लिहून झाल्यावर जमनीनं खालच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "आन् हे कोनाचं?" "धरमसिंग." "तो धडधाकट आहे अजून, मॅडम," जमनी म्हणाली. "सकायीच गेला फवारणीले. त्याले लवकर पाहा म्हना."